इमारतीचं वय

चि. सोनूस,


परवा फोनवर तू ताथवड्याच्या त्या दोन फ्लॅटबद्दल इतकी भरभरून बोलत होतीस की तुला मध्येच तोडवेना. पण रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. सकाळी भाड्याच्या घराची वही काढली, आकडे मांडले आणि लिहायला बसलो. पत्र लांबेल. सवडीने वाच आणि जावईबापूंनाही वाचायला दे.

बिल्डरच्या माणसाने तुला सांगितलं, ‘मॅडम, निवृत्तीनंतर भाडं हीच तुमची पेन्शन.’ मी तेरा वर्षं पेन्शन घेतोय आणि सव्वीस वर्षं भाड्याचं घर सांभाळतोय, म्हणून याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे असं समजतो. सिंहगड रोडचा आपला वन बीएचके मी १९९९ साली ५ लाख ४० हजारांना घेतला. तेव्हा मी ४५ वर्षांचा होतो. आज त्याचे ५५ लाख येतील. हे ऐकूनच तुला हुरूप आला ना? आता वहीतली दुसरी बाजू सांगतो.

भाडं महिना १६ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ९२ हजार. भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतं, ते वर्षाला सरासरी एक महिना धर. उरले १ लाख ७६ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स २४ हजार, आणि त्यातच आपण स्वतः राहत नाही म्हणून लागणारा नॉन-ऑक्युपन्सी चार्जही आला. तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, हे लक्षात ठेव, काही सोसायट्या लावून बघतात. घरपट्टी ९ हजार. स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका ४० टक्के सवलत देते, भाड्याच्या घराला ती नाही. एजंट आणि करार मिळून ८ हजार, रंग १० हजार, बारीकसारीक दुरुस्त्या १० हजार. हातात राहतात १ लाख १५ हजार. ५५ लाखांच्या घरावर दोन टक्क्यांहून जरासे जास्त. आयकर अजून धरलेला नाही.

आता तुझं गणित. एक फ्लॅट ८५ लाखांचा. त्यावर सात टक्के स्टॅम्प ड्यूटी, नोंदणीचे ३० हजार, आणि इमारत बांधकामाखाली असल्याने पाच टक्के जीएसटी. हे साडेदहा लाख झाले. घर फक्त तुझ्या नावावर घेतलंस तर स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सुटेल. तरीही तिथल्या २७ हजार भाड्याने हिशेब केलास तर जवळजवळ तीन वर्षांचं भाडं तू पहिल्याच दिवशी देऊन बसतेस, आणि ताबा २०२८ ला, म्हणजे तोवर भाडं नाहीच. ६५ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता ५६ हजारांच्या वर जातो. एका फ्लॅटमागे दरमहा २९ हजार खिशातून, दोन्हींचे ५८ हजार. कर्ज संपेल तेव्हा तू ६२ ची असशील आणि नोकरी ५८ ला संपलेली असेल. व्याजावर कर वाचतो म्हणतात, पण तू नवी कररचना घेतली आहेस. तिच्यात भाड्याच्या घरातला तोटा पगारातून वजा होत नाही.

पण सोनू, या आकड्यांपेक्षा मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. घर आपल्याबरोबर म्हातारं होतं.

मागच्या श्रावणात खालच्या मजल्यावरच्या आजींचा फोन आला. गेलो. त्यांच्या देवघराच्या वर, स्लॅबला ताटाएवढा ओला डाग. मी उभा असतानाच त्यातून एक थेंब सुटला आणि समईवर पडला. आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. वर आमच्या बाथरूममधला न्हाणी ट्रॅप गेला होता आणि कोबा भुसभुशीत झाला होता. फरशी उखडायची, नवा कोबा घालायचा, पाणी भरून दोन दिवस ठेवायचं, खाली जाऊन डाग बघायचा. लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. गुडघे धरून आठवड्यात अकरा वेळा तो जिना चढलो. भाडेकरू पोरगा भला, त्याने एक शब्द वावगा काढला नाही, पण न्हाणीशिवाय तो तरी किती दिवस राहणार? तेवढ्या दिवसांचं भाडं सोडलं. दिवाळीनंतर सोसायटीने बाहेरचे ड्रेनेजचे पाइप आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येकी १ लाख ८० हजार मागितले. माझं दीड वर्षाचं निव्वळ उत्पन्न एका सर्क्युलरमध्ये गेलं. सोसायटीचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पंधरा वर्षं झालेल्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं, तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी. आमच्याकडे ते झालं आणि जे निघायचं ते निघालं.

तुझी इमारत २०२८ ला उभी राहील. तू माझ्या आजच्या वयाची, ७१ ची होशील, तेव्हा ती बरोबर २६ वर्षांची असेल. अशी दोन घरं, दोन सोसायट्या, दोन न्हाण्या. तेव्हा तो जिना कोण चढणार? तुझा मुलगा इथे असेलच असं धरून चालू नकोस.

हे आपल्या घरात एकदा होऊन गेलेलं आहे. तुझ्या आजोबांच्या कसब्यातल्या वाड्यात आठ बिऱ्हाडं होती. १९४७ च्या कायद्याने भाडं गोठलं ते गोठलंच. सगळ्यांचं मिळून महिना दीडशे रुपये यायचे आणि कौलं शाकारायला एका पावसाळ्यात त्याहून जास्त लागायचे. आजोबा शेवटपर्यंत स्वतः शिडीवर चढत. तुझ्या आईला विचार, तिला आठवत असेल.

आज कायद्याची ती भीती राहिलेली नाही. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा २००० पासून लागू आहे आणि लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस हलला नाही तर त्याला दुप्पट भाडं भरावं लागतं. मात्र करार नोंदवलेला हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच आधी खरं धरलं जातं. मी प्रत्येक करार नोंदवला, म्हणून सव्वीस वर्षांत एकदाही कोर्टाची पायरी चढलो नाही.

मग घर घेऊच नकोस का? घे. एक घे. कमावत्या वयात ते चांगलं. भाडं दरवर्षी थोडं वाढतं, किंमत वाढते, आणि तुझ्या अंगात धावपळीची ताकद आहे. फक्त तयार घर घे, पाचसहा वर्षं वापरात असलेलं, म्हणजे जीएसटी नाही आणि भाडं पुढच्या महिन्यापासून. कन्व्हेयन्स झालंय का बघ. सिंकिंग फंडात किती पैसे आहेत ते विचार आणि ताळेबंद मागून घे. तुझ्या राहत्या घरापासून वीस मिनिटांवर असू दे. आणि बघायला जुलैत जा, धो धो पाऊस असताना. गच्चीवर जा, डक्टमध्ये डोकाव, पार्किंगमध्ये टँकर उभा आहे का ते बघ. फक्त आयटीवाल्यांच्या भरवशावर असलेला भाग नको. २०२० मध्ये लॅपटॉप उचलून पोरं गावी गेली आणि हिंजवडीच्या आसपासचे फ्लॅट महिनोन् महिने रिकामे राहिले, ते तूही पाहिलंस.

कर्ज एवढंच काढ की ५५ पर्यंत फिटेल. आणि घर घेतानाच ते विकायचं साल ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिही. माझ्या मते साठी ते बासष्टी. मी तेव्हा विकलं नाही, जीव गुंतला होता. २०२१ मध्ये तुझ्या मामीच्या ऑपरेशनला चार दिवसांत चार लाख उभे करायचे होते. ते फिक्स्ड डिपॉझिट मोडून आले. पन्नास लाखांचं घर होतं, पण त्यातले चार लाख काढता येत नव्हते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवले तर आजच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात येतात. माझ्या ५५ लाखांच्या घरातून वर्षाला हातात राहतात त्याच्या दुपटीहून जास्त. ती रक्कम वाढत नाही हे खरं, पण त्यासाठी जिना चढावा लागत नाही.

या महिनाअखेर आपला भाडेकरू घर सोडतोय. आता पुन्हा द्यायचं नाही, विकायचं, असं मी आणि मामीने ठरवलंय. जुनं घर असल्यामुळे साडेबारा टक्के कर भरायचा की महागाई धरून वीस टक्के, हे सीएंना विचारायला शनिवारी सकाळी अकराला जाणार आहे. तूही ये. तिथून सिंहगड रोडला जाऊ. घर रिकामं असेल, तेव्हा नवा कोबा, नवे पाइप, आजींच्या देवघरावरचा डाग सगळं नीट दाखवता येईल. वही बरोबर आणतो. जेवायला घरीच या, मामीने सांगून ठेवलंय.

तुझा,
मामा