चाटणाचं वर्ष

एक गाय डोळ्यांसमोर आणा. गोठ्यातली नको, माळावरची. दक्षिण आफ्रिकेत फ्रायबर्ग नावाचं गाव आहे. त्याच्या भोवती सपाट गवताळ माळ पसरलेला, मधूनमधून काटेरी झुडपं. इथली जनावरं मांसासाठी पाळलेली, बारा महिने उघड्यावर चरणारी. सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापुढे आंबोणाची पाटी कुणी ठेवत नाही. माळ जे देईल तेवढंच त्यांचं.

आता या गाईच्या तोंडाकडे बघा. मान थोडी वर उचललेली आहे. तोंडात उन्हाने पांढरं पडलेलं एक जुनं हाड आडवं धरलंय. ती ते दाढांखाली फिरवते आहे, ओठांच्या कडेने लाळेची तार लोंबते आहे. पायाशी गवत आहे, पण तिचं लक्ष गवताकडे नाही.

इथेच थोडा वेळ राहू. गवत खाणारं जनावर हाड चघळतंय, एवढंच बघू. आपल्याकडे गाय दोरीवरचं धुणं ओढून खाते, भिंत चाटते, माती खाते, चप्पल चघळते. तेव्हा आपण म्हणतो, हिला खोड लागली. दोन दिवस दावं आखूड करतो, रागे भरतो आणि विसरतो. खोड हा शब्द आज बाजूला ठेवा. त्याच्या जागी लगेच दुसरा शब्द शोधू नका. ती काहीतरी मागते आहे आणि ते तिला समोरच्या चाऱ्यात मिळत नाही, इतकंच मनात राहू द्या.

साल १९१९च्या आसपासचं. या माळावर जनावरं लुळी पडून मरत होती. तिथले लोक त्या रोगाला लामसीक्ते म्हणत. धडधाकट बैल चालताना अडखळायचा, बसायचा, मग उठायचा नाही. जीभ लुळी पडायची, तोंडात घेतलेला घास गिळता यायचा नाही. शुद्ध मात्र शेवटपर्यंत असायची. आर्नोल्ड थायलर या पशुवैद्याने या रोगाचा पिच्छा पुरवला. ते मूळचे स्वित्झर्लंडचे. आफ्रिकेत आल्यावर लवकरच शेतकामाच्या यंत्रात त्यांचा डावा हात गेला होता. पुढचं सगळं काम एका हाताचं. १९०८ साली प्रिटोरियाजवळ ओंडरस्टेपोर्टला त्यांनी उभी केलेली संशोधन संस्था आजही चालू आहे. लामसीक्तेसाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रायबर्गजवळच्या आर्मुत्सफ्लाक्ते या शेतावरच ठाण मांडलं.

त्यांना जे सापडलं ते आपण शेवटाकडून मागे मागे जात बघू. एकेका पायरीवर थांबत. बैल मेला तो विषाने. ते विष सडक्या सांगाड्यात वाढणाऱ्या जिवाणूचं. ते बैलाच्या पोटात गेलं, कारण त्याने त्या सांगाड्याचं हाड चघळलं. हाड चघळलं, कारण त्याच्या अंगात फॉस्फरस कमी पडला होता. अंगात कमी, कारण गवतात कमी. गवतात कमी, कारण त्या जमिनीतच कमी. शेतकरी मेलेल्या बैलाशेजारी उभा राहून रोग शोधत होता आणि रोगाचं मूळ त्याच्या पायाखाली होतं.

उपाय साधा निघाला. निर्जंतुक केलेली हाडांची भुकटी जनावरांना रोज थोडी थोडी खाऊ घातली. हाडांची ओढ कमी होत गेली आणि लामसीक्ते ओसरला. आज बऱ्याच ठिकाणी हाडांच्या भुकटीची जागा डायकॅल्शियम फॉस्फेटसारख्या क्षारांनी घेतली आहे, पण देणं तेच. मला या गोष्टीत रोग ओसरण्यापेक्षा पुढचा भाग मोठा वाटतो. भुकटी मिळालेली जनावरं नुसती जगली नाहीत, ती न मिळालेल्यांपेक्षा भराभर वाढली, वजनाने भरली. गाई जास्त नियमाने गाभण राहू लागल्या.

म्हणून एक प्रश्न मनात धरा आणि त्याच्यापाशी जरा वेळ थांबा: जी जनावरं मेली नव्हती, त्यांचं काय चाललं होतं?

ती चरत होती, रवंथ करत होती, लांबून बघणाऱ्याला बरी दिसत होती. आणि रोज आपल्याच अंगातून खर्च करत होती. जनावराच्या शरीरातला सुमारे ९९ टक्के कॅल्शियम आणि ८० टक्क्यांच्या आसपास फॉस्फरस हाडांत आणि दातांत असतो. हाड म्हणजे जनावराचं पेव. चाऱ्यात कमी पडलं की त्यातून काढायचं, चांगले दिवस आले की परत भरायचं. पोटातलं वासरू वाढतं तेव्हा त्यातून निघतं, दुधाच्या प्रत्येक धारेबरोबर निघतं. वरून काही कळत नाही. कळायला लागतं तेव्हा केस निस्तेज झालेले असतात, चाल आखडलेली असते, गाय माजावर येत नाही किंवा भरवली तरी उलटते. आपण त्या दिवशी डॉक्टरला बोलावतो आणि म्हणतो, कालपासून असं झालंय. कालपासून नसतं. मागचं सगळं वर्ष त्यात असतं.

आता माळाचं वर्ष बघू या. पावसाळ्यापासून सुरू करू.

पहिल्या सरींनंतर गवत कोवळं असतं. त्यात पाणी असतं, प्रथिनं असतात, फॉस्फरसही त्यातल्या त्यात बरा असतो. मग गवत निसवतं, दाणा धरतं, पिवळं पडतं. फॉस्फरस दाण्यात आणि मुळांत निघून जातो, मागे काडी उरते. तेव्हा मन लगेच सांगतं: काडी खायचे दिवस तेच वाईट, क्षार तेव्हा द्यावेत.

इथे घाई करू नका, कारण हे निम्मंच खरं आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातले गुरं पाळणारे यातून फार महत्त्वाची गोष्ट शिकले. तिथेही मैलोन्‌मैल फॉस्फरसला गरीब जमीन आहे. कोरड्या महिन्यांत तिथलं जनावर आधी प्रथिनांना आणि ताकदीला महाग होतं. ते वाढतच नसतं, म्हणून फॉस्फरसची मागणीही कमी असते. नुसता फॉस्फरस देऊन तेव्हा फारसं हाती लागत नाही. पावसाळ्यात गवत हिरवंगार होतं, जनावर भराभर अंग धरतं, गाईच्या आचळांना वासरू लुचत असतं, आणि त्याच भरभराटीत फॉस्फरस सगळ्यात जास्त कमी पडतो. सगळीकडे हिरवं दिसत असताना, कुणाच्या मनात उणिवेचा विचार येत नाही तेव्हा. शिवाय त्याच महिन्यांत रस्ते पाण्याखाली जातात, क्षारांचं चाटण पोचवणं अवघड होतं, पोचवलेलं पावसात विरघळतं. म्हणून पाण्यात टिकेल असं चाटण करायचं किंवा त्यावर छप्पर घालायचं, एवढा खटाटोप लोक करतात. दक्षिण आफ्रिकेतही उन्हाळी पावसाच्या महिन्यांत फॉस्फेटचं चाटण आणि कोरड्या हिवाळ्यात युरिया घातलेलं प्रथिनांचं चाटण, अशी वाटणी रुळली आहे. युरियाचं चाटण मोजूनमापून, पाण्यापासून जपून द्यावं लागतं. ते जास्त पोटात गेलं तर विषबाधा होते.

वर्षभर देणं म्हणजे बाराही महिने तीच एक वस्तू समोर टाकणं नव्हे. या महिन्यात माळ काय देतोय, जनावर काय खर्च करतंय आणि दोन्हींत किती अंतर पडलंय, हे प्रत्येक ऋतूत नव्याने बघणं. हा विचार दोन-चार श्वास तसाच राहू द्या.

पण प्रत्येक क्षार पेवात राहत नाही. हॉलंडमध्ये वसंतात हिरव्यागार, खत घातलेल्या कुरणात सोडलेल्या गाई अचानक थरथरून पडायच्या, झटके येऊन काही तासांत मरायच्या. पोट भरलेलं, गवत उत्तम. १९३०च्या सुमारास युट्रेख्टचे संशोधक स्योलेमा यांनी दाखवून दिलं की त्यांच्या रक्तात मॅग्नेशियम उतरलेलं असतं. मॅग्नेशियम हाडांत असतं खरं, पण मोठ्या वयाच्या गाईला ते पटकन काढता येत नाही. त्यामुळे त्याची सोय रोजच्या रोजच लागते. मागच्या महिन्यात भरपूर दिलं होतं, हे उत्तर इथे चालत नाही.

आता जनावराच्या जिभेकडे या. खरखरीत, लांब, क्षारविटेवरून पुन्हा पुन्हा फिरणारी. ही जीभ काय ओळखते? मीठ ती नक्की ओळखते. सोडियम कमी पडलं की जनावराला मिठाची खरी ओढ लागते. तांबं, जस्त, आयोडीन, कोबाल्ट यांची अशी ओढ नसते. गाय विटेकडे जाते ती मिठासाठी, बाकीचं तिच्याबरोबर आपसूक जातं. म्हणूनच चाटणात मीठ असतं आणि कोण किती चाटेल हेही बरंचसं मिठावरच ठरतं. विहिरीचं पाणीच मचूळ असेल तर जनावर विटेला तोंड लावत नाही. मालकाला वाटतं, गरज नसेल. गरज असते.

न्यूझीलंडमध्ये एका भागात भरल्या कुरणातली गुरं आणि मेंढरं खंगून मरायची. लोकांना वाटलं, लोह कमी पडतंय. लिमोनाइट नावाची लोहयुक्त माती खाऊ घातली आणि जनावरं सुधारली. पुढे १९३५च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उलगडा केला: गुण लोहाचा नव्हता, त्या मातीत नकळत मिसळलेल्या कोबाल्टच्या कणांचा होता. पोटातले सूक्ष्मजंतू कोबाल्टपासून बी-१२ जीवनसत्त्व बनवतात, आणि त्याच्यावर सगळ्या जनावराचं चालतं. किती थोडं लागतं बघा: एक किलो कोरड्या चाऱ्यामागे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. डोळ्यांना न दिसणाऱ्या एवढ्याशा गोष्टीवाचून पाच-सहाशे किलोचं जनावर उभं राहत नाही.

मोजमाप दोन्ही बाजूंनी सांभाळावं लागतं. गाईंसाठी तांबं घालून केलेलं मिश्रण त्याच अंगणातल्या मेंढ्यांना रोज दिलं तर ते त्यांच्या यकृतात साठत जातं आणि एके दिवशी धडधाकट मेंढी अचानक मरते. त्यामुळे पिशवीवर कोणत्या जनावराचं नाव आहे, ते वाचल्याशिवाय हात घालू नये.

आता आपल्या गोठ्यात येऊ. आपल्याकडे गाय-बैल माळावर सोडलेले नसतात, गव्हाणीत असतात. त्यांचं वर्ष गवताचं नसून वैरणीचं असतं. पावसाळ्यात हिरवं, मग कडबा, भाताचा पेंढा, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उसाचे वाढे. कडबा आणि पेंढा पोट भरतात, पण फॉस्फरसला गरीब असतात. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातला कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून वाढ्यांबरोबर चुन्याची निवळी द्यायला सांगतात. व्यायल्यावर गाईला लाल लघवी होते, तिच्या मागे अनेकदा फॉस्फरसचीच कमतरता असते. ही नावं, ही लक्षणं आपल्या ओळखीची आहेत. त्यांच्यामागे मागे जात गव्हाणीपर्यंत आणि गव्हाणीतून जमिनीपर्यंत जाण्याची सवय मात्र आपल्याला कमी आहे. मोठ्या जनावराला रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून द्यायला सांगतात. मूठभरच. जनावर आजारी पडलं की पंधरा दिवस ते दिलं जातं, आणि उठून चरायला लागलं की पिशवी कोपऱ्यात जाते. माझ्या मते नुकसान होतं ते इथे, पिशवी कोपऱ्यात गेल्यानंतरच्या महिन्यांत.

शेवटी गाभण गाईपाशी थांबू. तिला सातवा महिना लागलाय. या दिवसांत ती पोटातल्या वासराच्या यकृतात तांबं साठवते आहे. हे तिला आत्ताच करावं लागतं, कारण तिच्या दुधात तांबं फार थोडं उतरतं. वासरू जन्मल्यावर सुरुवातीचे महिने आईने आत भरून दिलेल्या या साठ्यावरच काढतं. तिच्यात साठा नसेल तर वासरू कमी घेऊन जन्मतं आणि दूध ते भरून काढत नाही. वासराची हाडं भरण्याचं कामही या शेवटच्या तीन महिन्यांत जोरात चालतं. बहुतेक गोठ्यांत याच दिवसांत गाय आटलेली असते, म्हणून तिचं आंबोण बंद केलेलं असतं आणि आंबोणाबरोबर मिश्रणही. दूध देत नाही म्हणून तिच्या पाटीतली मूठ काढू नका. व्यायच्या आधीची तिची पाटी आपल्या पशुवैद्याला विचारून ठरवा, कारण तेव्हा लागणारं मिश्रण दुभत्या गाईच्या मिश्रणाहून वेगळं असू शकतं; पण ती रिकामी राहू देऊ नका.