हंगामी साक्षीदार

आमच्या कचेऱ्यांच्या भाषेत ‘हंगामी’ हा शब्द फार उदारपणे खर्च होतो. हंगामी कारकून, हंगामी शिक्षक, प्रसंगी हंगामी मुख्यमंत्रीसुद्धा. आणि यांपैकी कोणाचाही पाऊसपाण्याशी किंवा सुगीशी सुतराम संबंध नसतो. ज्याला कायम करण्याची सरकारची इच्छा नाही, परंतु ज्याच्यावाचून सरकारचे चालतही नाही असा मनुष्य, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आता उरला आहे. या फारसी शब्दाचे दोन्ही अर्थ, ऋतूचा आणि नेमणुकीचा, ज्यांच्या ठिकाणी एकत्र नांदतात असा एकच सुशिक्षित वर्ग माझ्या पाहण्यात आहे. तो म्हणजे पदव्युत्तर परीक्षा नुकतीच उत्तीर्ण होऊन उत्खननावर काम शोधत फिरणाऱ्या तरुण पुरातत्त्वज्ञांचा.

गेल्या श्रावणात एका स्नेह्यांची कन्या अशीच चार विनंतीपत्रे घेऊन माझ्याकडे आली. मसुदे वाचून झाल्यावर तिने विचारले, “काका, प्रत्येक ठिकाणी पूर्वानुभव विचारतात. पहिला अनुभव मिळण्यापूर्वीचा पूर्वानुभव कोठून आणायचा?” मी चहा मागवला. अडचणीच्या प्रश्नाला वडीलधाऱ्यांजवळ दुसरे काय उत्तर असते? तारुण्यात तीन हंगाम मीही पांढरीवर काढलेले आहेत, आणि तेव्हाही हा प्रश्न असाच अनुत्तरित होता.

पांढरी म्हणजे काय, हे शहरी वाचकाला सांगावे लागेल. आपल्या पठारावरील खेड्यांत पिकाच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हणण्याचा परिपाठ आहे. शेकडो वर्षे माणसे एकाच जागी राहिली, भिंती खचल्या, चुलींतील राख साठली, की त्या जागेवर फिकट, भुसभुशीत मातीचे टेकाड उभे राहते. ही माती खत म्हणून शेतात पडते, धाब्यावर पसरली जाते, आणि अशा रीतीने एखादे समग्र गाव गाडीगाडीने नाहीसे होते. पुरातत्त्वज्ञाचे खरे कार्यक्षेत्र ही पांढरीच होय.

या टेकाडावर काम करण्याचे दिवस मोजके. पावसाळ्यात चर पाण्याने भरतात आणि त्यांच्या भिंती ढासळतात; चैत्र-वैशाखात माती इतकी सुकते की स्तरांचे रंग एकमेकांत विरून जातात. मधल्या थंडीच्या महिन्यांतच जे व्हायचे ते होते. त्यातही जमीन शेतकऱ्याची असते, तीवर ज्वारी उभी असेल तर कापणीपर्यंत थांबावे लागते, आणि कापणी सुरू झाली की मजूर चर सोडून सुगीला जातात, जे अगदी न्याय्यच आहे. या सगळ्यांवर कागदाचा हंगाम निराळाच. 1958 चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा आणि त्याखालील 1959 चे नियम यांच्या अमलात विद्यापीठाला अथवा राज्याच्या खात्याला केंद्राच्या अनुमतीवाचून कुदळ लावता येत नाही. अर्ज, छाननी, मंजुरी या वाटेने परवाना येतो, आणि तो यायला थंडी अर्धी सरलेली असली तरी ऋतू काही त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून श्रावणात पत्र पाठवणाऱ्याला “परवाना आल्यावर कळवू” असे उत्तर मिळते, तेव्हा ते टाळण्यासाठीच असते असे समजू नये. उत्तर देणाऱ्यालाही पुढचे ठाऊक नसते. मात्र त्या न ठाऊक असण्याची किंमत तो देत नाही, पत्र लिहिणारा देतो.

इतपत तक्रार कोणत्याही बेकार पदवीधराची असू शकेल, आणि तेवढ्यासाठी मी लेखणी उचलली नसती. माझे म्हणणे वेगळे आहे. रसायनशास्त्रज्ञाचा प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. इतिहाससंशोधकाने बखर चुकीची वाचली तर दुसरा ती पुन्हा उघडू शकतो. परंतु उत्खननकर्ता जे पान वाचतो ते वाचता वाचताच फाडून टाकतो. खणलेला स्तर पुन्हा खणता येत नाही. त्याच्याविषयी जगाला जे कळणार ते त्या दिवशी त्या चरात गुडघे टेकून बसलेल्या माणसाच्या दैनंदिनीतून, त्याच्या आराखड्यातून आणि त्याने पिशवीला बांधलेल्या चिठ्ठीतून. आणि हा माणूस बहुधा पंचविशीच्या आतला, हंगामी आणि मानधनावरचा असतो. संचालक दिवसातून दोनदा चरावर येतात. साक्षीदार तो असतो.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तेथे हंगामामागून हंगाम उत्खनन केले. शंभराहून अधिक घरे उजेडात आली, आणि सांकलिया, ढवळीकर व अन्सारी यांच्या नावाने 1988 मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल आजही आदर्श मानला जातो. तेथील ताम्रपाषाणयुगीन लोक मृतांना घराच्या जमिनीखाली अथवा अंगणात पुरीत, आणि प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडीत. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या, मोठ्या पोटाच्या मातीच्या रांजणात एक पुरुष बसवलेला सापडला, आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा, त्या समाजात उच्चनीचता रूढ झालेली असावी, असे मोठे अनुमान या लहानशा गोष्टीवर उभे आहे. पण थोडा विचार करावा. पावलांची हाडे बारीक असतात. ती कुजून जातात, उंदीर ओढून नेतात, घाईने चाललेल्या खुरप्याखाली विस्कटतात. हाडे नाहीत आणि हाडे तोडलेली होती, या दोन विधानांतील अंतर ज्याने खुरपे ठेवून कुंचला उचलला त्याच्या धीरावर अवलंबून आहे, आणि त्या धीराची तजवीज कोणत्याही अंदाजपत्रकात केलेली नसते.

साक्षीदार नसला तर काय होते, हे दायमाबादेने दाखवून दिले आहे. 1974 मध्ये प्रवरेच्या काठी एका भिल्ल ग्रामस्थाला झुडपाचे मूळ खणताना बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी काशाची चार शिल्पे सापडली. त्यांचे एकत्र वजन साठ किलोंच्या वर आहे. भारतीय धातुकलेत त्यांना तोड नाही. परंतु ती कोणत्या स्तरातून आली, हे पाहायला तेथे कोणी नव्हते. पुढे पुरातत्त्वज्ञ साळी यांनी त्या स्थळाचे विस्तृत उत्खनन केले, शिल्पे हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील ठरवली, आणि तरीही त्यांच्या कालाविषयीचा वाद विद्वानांत टिकून राहिला. ज्याला ती सापडली त्याचा यात काडीचाही दोष नाही. लाकडासाठी खणणाऱ्याने स्तर का पाहावेत?

दोष द्यायचाच तर मला द्यावा. एका उत्खननावर, ज्याचे नाव मी सांगणार नाही, माघात अवकाळी पाऊस आला आणि खापरांच्या दोन पिशव्यांवरील चिठ्ठ्यांची शाई धुऊन गेली. मी तेव्हा दुसऱ्या हंगामाचा उमेदवार होतो; पुढच्या वर्षी बोलावणे येईल की नाही या धास्तीने मी कोणाजवळ बोललो नाही, आणि स्मरणावर भिस्त ठेवून नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. कदाचित त्या बरोबरही असतील. पण तो अंदाज नोंदवहीत सत्य म्हणून बसला आहे, आणि त्याला तेथून कोणी उठवू शकत नाही. ज्याला कायमची जागा असती त्याने चूक कबूल केली असती, असा माझा दावा नाही. परंतु ज्याचे पुढच्या थंडीतील अन्न दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याच्याकडून निर्भय साक्षीची अपेक्षा करणे हे न्यायशास्त्राला धरून नाही.

शिवाय ही निवड होते कशी? बहुतेक ओळखीने. कोणत्या टेकाडावर यंदा तंबू पडणार ही वार्ता गुरूकडून शिष्याला कळते. ज्याचे गुरू उत्खनन करीत नाहीत त्याला ती अहवालात, म्हणजे काही वर्षांनी, कळते. मग प्रवासखर्च आपला, अंथरूण-पांघरूण आपले. मानधन मिळालेच तर हंगाम संपल्यावर. मुलगी असेल तर राहण्याची सोय नाही हे कारण अजूनही पुढे केले जाते. परिणामी चार महिने घरून पैसे आणू शकणाऱ्यांनाच अनुभव मिळतो, आणि पांढरीच्या कडेला वाढलेला, पावसानंतर शेतात वर येणारी खापरे लहानपणापासून हाताळलेला शेतकऱ्याचा मुलगा अर्ज करण्यापूर्वीच वगळला जातो. स्वतः सांकलिया 1930 नंतरच्या दशकात लंडनला शिकत असता इंग्लंडातील मेडन कॅसलच्या उत्खननावर पुरातत्त्वज्ञ व्हीलरांच्या हाताखाली उमेदवारी करून आले होते. दुसऱ्याच्या चरात बसल्यावाचून ही विद्या येत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

इंग्लंड-अमेरिकेत बांधकामापूर्वीच्या उत्खननाचा बोजा बऱ्याच अंशी बांधणाऱ्यावर पडत असल्यामुळे तेथील तरुणाला वर्षभर या ना त्या गावी काम मिळते. तेही भटकेच, पण मजुरीचे. आपल्याकडे धरणाखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्यासाठी 1954 पासून सहा वर्षे जसे काम चालले तसे क्वचितच चालते. एरवी रस्ते होतात आणि टेकाडे जातात.

उत्खननाच्या संचालकांना माझे मागणे लहान आहे. हंगामाच्या जागा उघडपणे जाहीर कराव्यात, जाण्यायेण्याचे भाडे आधी द्यावे, आणि अहवालात प्रत्येक चराच्या आराखड्याखाली तो खणणाऱ्याचे नाव छापावे. दस्तऐवजावर साक्षीदाराची सही असते. मग येथे का नसावी? त्या मुलीला मी एवढेच सुचवले की पत्रांची वाट पाहताना आपल्या तालुक्यातील पांढऱ्या पायी फिरून पाहाव्यात, खापर उचलू नये, फक्त टिपण ठेवावे. तिने आतापर्यंत अकरा गावे पाहिली आहेत. चार पत्रांपैकी एकाचे उत्तर हा लेख छापावयास देण्याच्या आठवड्यात आले: जागा आहे, परवाना यावयाचा आहे.