देवाचा कौल आणि आईचं ‘नको’

वैभववाडी तालुक्यातलं शिराळे गाव दरवर्षी काही दिवस रिकामं होतं. म्हातारीकोतारी, पोरंबाळं, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री सगळ्यांना घेऊन गाव वेशीबाहेर राहुट्या घालून राहतं आणि ग्रामदेवतेचा कौल मिळाला की मगच घरात पाऊल टाकतं. मालवण तालुक्यात आचऱ्याची अशीच गावपळण तीन दिवस नि तीन रात्रींची. तिथेही रामेश्वराने कौल दिला नाही तर मुक्काम वाढतो. आंगणेवाडीला भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, ती देवीला विचारून ठरते. कौलाची रीत कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. पाषाणाला ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं, जमलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं आणि मग पाकळी पडेपर्यंत थांबायचं. उजवा कौल म्हणजे होकार, डावा म्हणजे नकार. मला या रीतीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे थांबणं. विचारणारा हात जोडून उभा असतो, उत्तर त्याच्या हातात नसतं आणि नकार आला तर तो मुकाट्याने आणखी एक रात्र राहुटीत काढतो. याच मुलखात घराघरांतून जी म्हातारी माणसं खाटेला खिळून आहेत, त्यांची अंघोळ, जेवण, औषध, एवढंच काय पण राहण्याचं ठिकाण ठरवतानाही त्यांना सहसा कोणी विचारत नाही. देवाला विचारणारा समाज आईला का विचारत नाही, हा मला शिष्टाचाराचा किंवा प्रशिक्षणाचा प्रश्न वाटत नाही. तो धर्माचा प्रश्न आहे.

आधी परिस्थिती. २००१च्या जनगणनेत या मुलखाची, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देशभर माणसं वाढत असताना इथे ती घटली, कारण कामाच्या वयाची माणसं मुंबई-पुण्याकडे जात राहिली. मागे राहिलेल्या आईवडिलांचं करणं सुनेकडे, शेजारणीकडे किंवा पगारी बाईकडे येतं आणि निर्णय फोनवर होतात. फोन खाटेशेजारी वाजतो, ‘आई जेवली का, औषध दिलं का’ हे सांभाळणाऱ्या बाईला विचारलं जातं आणि आई ते सगळं पडल्या पडल्या ऐकत असते. सरकारी व्यवस्थेचीही नजर साधारण हीच. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात निर्वाहाची व्याख्या आहे ती अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार अशी. राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून गरजू वृद्धाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. हे सगळं हवंच, याहून जास्त हवं. पण या चारही गोष्टी पुरेशा देऊनसुद्धा माणसाला दिवसभरात एकदाही त्याचं मत न विचारणं शक्य आहे, आणि तरीही आपण त्याला सेवा म्हणतो.

याचं मूळ आपल्या सेवेच्या कल्पनेतच आहे असं मला वाटतं. आईवडिलांना देव मानावं ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पण देवाची सेवा म्हणजे काय, याचं जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे आहे ते देवघरातल्या मूर्तीचं. मूर्तीला आपण ठरल्या वेळी उठवतो, न्हाऊ घालतो, पुसतो, वस्त्र नेसवतो, नैवेद्य दाखवतो, निजवतो. मूर्ती कधी आज पाणी गार आहे म्हणत नाही, वरणात मीठ कमी आहे म्हणत नाही. मूर्तिपूजेत हे खटकत नाही. पण तोच नमुना खाटेवरच्या माणसाला लावला की सेवा बिनबोभाट पार पडते आणि माणूस त्यातून हरवतो. मातृपितृभक्तीची आपली सर्वांत लाडकी कथा पाहा. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपतो आहे, दारात प्रत्यक्ष देव आला आहे आणि पुंडलिक त्याला विटेवर थांबायला सांगतो. कथेची थोरवी माझ्या मनात जराही कमी नाही. पण तिच्यात देव आहे, भक्त आहे, वीटसुद्धा आहे. आईवडिलांच्या तोंडी मात्र आपल्या नेहमीच्या सांगण्यात एक शब्द नसतो. लोककथेतला श्रावणबाळ वेगळा. आंधळ्या आईवडिलांनी तीर्थयात्रेची इच्छा सांगितली म्हणून त्याने कावड खांद्यावर घेतली. त्यांना तहान लागली म्हणून तो पाण्याला गेला आणि दशरथाच्या बाणाने मेला. त्याची सगळी सेवा आईवडिलांच्या बोलण्यातून सुरू होते. पेन्शन योजनेला नाव त्याचं दिलं ते योग्यच झालं, पण वागण्यात आपण मूर्तीचाच नमुना उचलला.

आणि शास्त्राने असं सांगितलं होतं असंही नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत ज्या अनुवाकात आईवडिलांना देव मानायला सांगितलं आहे, त्याच अनुवाकात थोडं पुढे कसं द्यावं हेही सांगितलं आहे: श्रद्धेने, संकोचाने, भय बाळगून आणि शेवटी ‘संविद्’ने. शंकराचार्यांनी या शब्दाचा अर्थ मैत्रीच्या अंगाने घेतला. धर्मशास्त्रात हाच शब्द करारासाठी, दोघांत ठरलेल्या गोष्टीसाठी येतो. दोन्ही अर्थ घेतले तरी एक गोष्ट निघते: देणाऱ्या-घेणाऱ्यांत काही समजूत हवी, एकतर्फी देणं पुरत नाही. गीतेचा सतरावा अध्याय याहून स्पष्ट आहे. सत्काराविना, अवज्ञेने दिलेलं दान तिथे तामस ठरतं आणि दुसऱ्याला न दुखावणारं, खरं, हिताचं बोलणं हे त्याच अध्यायात तप ठरतं. म्हणजे घास भरवणं हे दान धरलं, तर भरवताना बोलणं हे तप आहे.

हे तप प्रत्यक्षात केवढंसं असतं ते उकड्या तांदळाची पेज भरवण्यात बघावं. भरवणारी बाई उभी राहिली तर खाटेवरच्या माणसाला तोंड वर करावं लागतं; मान मागे गेली की घास चुकीच्या वाटेने जाऊन ठसका लागण्याची भीती वाढते. तीच बाई स्टुलावर बसली, डोळे डोळ्यांच्या पातळीत आले, चमचा खालून आला, तर हनुवटी आपोआप जरा खाली राहते. आधी वाटी दाखवायची, ‘पेज हा, सोबत लोणचां देऊ?’ विचारायचं आणि उत्तराला वेळ द्यायचा. हा वेळ फार लांब वाटतो. ऐकू कमी येणाऱ्या, शब्द उशिरा सापडणाऱ्या माणसाला प्रश्न पोचून उत्तर जुळवायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात आपण प्रश्न पुन्हा, अधिक मोठ्याने विचारतो आणि त्याचं जुळत आलेलं उत्तर मोडतो. मग गिळताना गळ्याची हालचाल पाहायची आणि पुढचा चमचा त्यानंतर. पाकळी पडेपर्यंत थांबणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागू नये.

पहिला आक्षेप घरातूनच येतो. घरच्या माणसाला काय विचारायचं, आम्हाला तिची आवड ठाऊक आहे. हे विचारणं-बिचारणं पाश्चात्त्यांच्या एकट्या माणसांचं. या आक्षेपात तथ्य आहे, कारण जिव्हाळ्यात बरंच काही न बोलता कळतं. पण चाळीस वर्षांपूर्वीची आवड आजची असेलच असं नाही, आणि ‘मला ठाऊक आहे’ हे वाक्य हळूहळू ‘तिला काय कळतंय’ या वाक्याला जाऊन मिळतं. राहिला पाश्चात्त्यांचा मुद्दा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी १९९७ च्या पुस्तकात स्मृतिभ्रंश झालेल्यांबद्दल जी मांडणी केली, ती एकट्या माणसाची नव्हतीच. व्यक्तिपण ही इतरांनी नात्यातून बहाल केलेली प्रतिष्ठा आहे, असं ते म्हणत होते. आपल्याला हे परकं का वाटावं? आपण दगडाची प्राणप्रतिष्ठा करतो आणि मग तो उत्तर देईल असं धरून त्याच्यापुढे उभे राहतो. किटवूड यांच्या म्हणण्याची दुसरी बाजू अशी, की बहाल केलेलं काढूनही घेता येतं: तिच्यासमोर तिच्याविषयी बोलून, घाई करून, बाळासारखं बोलून. हे करणारी माणसं बहुधा प्रेमळच असतात, असंही त्यांनी नोंदवलं आहे.

मात्र बाहेरची पद्धत जशीच्या तशी उचलू नये, हे मान्य. तिकडे माणसाला त्याच्या आवडीच्या नावाने हाक मारणं ही पहिली पायरी. आपल्याकडे पगारी बाईने ऐंशी वर्षांच्या स्त्रीला नुसत्या नावाने हाक मारली तर तो अपमान ठरेल. आजी, आये, काकी ही हाकच आपल्याकडे आदर आहे. पण नुसत्या ‘आजी’त सगळ्या आज्या एक होऊन जातात. लग्नात मुलीचं नाव बदलण्याची चाल ज्या पिढीत सर्रास होती, त्या पिढीतली बाई आज खाटेवर आहे. स्मृतिभ्रंशात बहुधा अलीकडचं आधी पुसलं जातं आणि लहानपणीचं मागे उरतं. अशा बाईला सासरच्या नावाने हाक मारली तर ती ढिम्म राहील आणि माहेरच्या नावाने मारली तर मान वळवेल, हे शक्य आहे. ते नाव घरात कोणाला माहीत आहे का? भाषेचंही तसंच. आयुष्यभर मालवणीत बोललेल्या माणसाला ‘आता बरं वाटतंय ना’ यापेक्षा ‘कसां वाटता?’ आधी पोचतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. ज्याला काही कळत नाही त्याला विचारणं हे ढोंग नाही का? याचं उत्तर मी पुन्हा पाषाणाकडे पाहून देईन. तिथे तर तोंडच नाही. तरी लोकांनी उत्तर वाचण्याची एक रीत बसवली. जिवंत शरीर पाषाणाहून खूप बोलतं. मिटलेले ओठ, भिंतीकडे फिरवलेलं तोंड, लुगड्याचा काठ घट्ट धरलेली मूठ हे सगळे डावे कौल आहेत. त्यांना आपण ‘त्रास देते’, ‘हट्ट करते’ म्हणतो, म्हणजे उत्तर आलेलं असतं आणि आपण ते नोंदवत नाही. यावर कोणी म्हणेल, कौलातही प्रश्न मानकऱ्यांचे असतात, अर्थही तेच लावतात, दगडाच्या नावाने गावातल्या वजनदारांचंच चालतं. ही टीका मला पटते, आणि ती इथे कामाला येते. प्रश्न मांडणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता असते. ‘अंघोळ करायची ना?’ या प्रश्नात नकाराला जागाच ठेवलेली नाही. ‘आता पाणी घालू की उन्हं वर आल्यावर?’ यात थोडी आहे. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही, त्याचा होकार धरू नये.

मग मधुमेही माणसाने लाडू मागितला तर द्यायचा का, जखम धुऊ दिली नाही तर चिघळू द्यायची का? नाही. विचारणं म्हणजे प्रत्येक शब्द पाळणं नव्हे. पण जिथे मन मोडावं लागतं तिथे फसवू नये. ‘जखम धुवायलाच हवी, दुखेल, मी हळू करते’ हे सांगून धुणं आणि बोलण्यात गुंतवून अचानक पट्टी ओढणं यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात दुसऱ्या दिवशीचा विश्वासही ओढला जातो. कायदासुद्धा या दिशेने आला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे आणि पालकाने त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार, परस्परविश्वासाने निर्णय घ्यावा असं त्यात म्हटलं आहे.

वेळ कुठून आणायचा, हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. जी बाई बारा तासांच्या पाळीत कपडे बदलते, उचलते, पुसते, तिला तप शिकवणं सोपं आहे. तिच्या पाठीचं काय, तिला सुट्टी आहे का, तिला कोणी ‘आज जमेल का?’ विचारतं का? सुनेच्या बाबतीत तर ‘सेवा’ हा शब्दच तिचं तोंड बंद करायला वापरला जातो. सेवेला मोबदला कसला आणि नकार कसला. जिला स्वतःला कधी विचारलं गेलं नाही, तिच्याकडून विचारण्याची अपेक्षा करणं हा अन्याय आहे. म्हणून मुंबईहून येणाऱ्या फोनमध्ये आधी सांभाळणाऱ्या बाईची विचारपूस हवी, आणि मग फोन आईच्या कानाशी. एवढं झालं तर पुढचं तिला सुचतं. हंड्यातलं पाणी तापलेलं आहे आणि खाटेवरून ‘आज नको’ आलं, तर ती चुलीतलं लाकूड मागे ओढते, संध्याकाळी परत येते, आणि या वेळी फक्त पाय धुवायचं विचारते.