वाळलेले खमीर

खमीर वाळवून जपून ठेवण्याची रीत हल्ली येथे इस्राएलात पुष्कळ घरांत दिसते. पीठ आणि पाणी यांचे आंबवण, ज्याला हिब्रूत मखमेत्सेत म्हणतात, ते कागदावर पातळ पसरून वाळविले की त्याचे पापुद्रे होतात आणि ते डब्यात कित्येक महिने टिकतात. ते पुन्हा जागे करावयाचे तर चमचाभर चुरा कोमट पाण्यात भिजवावा, दोन-तीन तासांनी पीठ घालावे, आणि मग रोज थोडे काढून टाकून नवे पीठ-पाणी द्यावे. पाणी कढत असेल तर आतील जीव मरतात. पहिल्या दिवशी बहुधा काहीच दिसत नाही. तीन ते पाच दिवसांत मात्र बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो आणि पीठ फुगून वर येते. जन्मभर विरजण सांभाळणाऱ्या आपल्या आयाबहिणींना यात नवल वाटणार नाही.

परंतु वाचकहो, हे खमीर जुनेच की नवे? पाच दिवसांनी बरणीत मूळचे पीठ नावापुरतेच उरते. वाळताना असंख्य जीव मेलेले असतात, वाढते ती उरलेल्यांची संतती. शिवाय नव्या पिठातून आणि मळणाऱ्याच्या हातांतूनही नवे जीव येतात. मग 'हे आजीचे खमीर' असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पेसाहच्या नियमांत सापडते. सात दिवस घरात खमीर सापडता कामा नये, अशी तोराची आज्ञा आहे. कोणी म्हणेल, वाळलेले पापुद्रे कोण खातो? ते राहिले तर काय बिघडले? पण तालमूदच्या पेसाहीम या भागात बुरसटलेल्या भाकरीविषयी सांगितले आहे की तीही घरातून काढलीच पाहिजे, कारण तिचा चुरा करून दुसरे पीठ फुगविता येते. म्हणजे वस्तू आज कशी दिसते, तिच्यात मूळचे किती उरले, हे शास्त्र विचारीत नाही. ती उद्याचे पीठ फुगवील काय, एवढेच विचारते. जे जागे होऊ शकते ते मेलेले नव्हे.

कोकणात आपले पूर्वज 'अनाशी ढाकाचा सण' पाळीत. आंबट पदार्थाचे मडके त्या दिवसांत झाकून ठेवीत. हाती ग्रंथ नव्हते, कारण सांगणारा कोणी नव्हता. उरले होते ते फक्त झाकण ठेवणे. परक्याला तो निव्वळ कोरडा रिवाज वाटला असता. परंतु पुढे धर्मशिक्षण मिळाले तेव्हा त्याच रिवाजात पेसाह ओळखता आला. पापुद्र्याला पाणी मिळाले.

तरीही ज्या शास्त्राने वाळलेल्या खमिराला जिवंत मानले, तेच शास्त्र ते दरवर्षी घराबाहेर काढावयास लावते. लेकरासारखे पोसलेले खमीरही जाळावे लागते, किंवा सणापुरते परक्याला विकावे लागते. म्हणून जतन करणे हेच सर्वस्व मानता येत नाही. सणानंतर पीठ-पाणी भिजवून रोज लक्ष दिले तर आठवड्या-दीड आठवड्यात नवे खमीर उभे राहते. हात शाबूत असले म्हणजे झाले.

आपल्या मराठीचे, मलिद्याचे आणि घरातल्या रीतींचेही असेच आहे. मुलांना मराठी नीट बोलता येत नाही म्हणून आपण हळहळतो, आणि मोडकेतोडके बोलली की हसतो. हे कसे चालेल? पीठ येथले, पाणी येथले, मग चव रेवदंड्याची किंवा अलिबागची कशी येणार? जुन्यासारखेच हवे असा हट्ट धरणारा नवे पीठ घालीतच नाही, आणि त्याचे पापुद्रे डब्यात वर्षानुवर्षे पडून शेवटी खरोखरच मरतात. नातवंडाने 'आजी, पाणी दे' एवढे जरी मराठीत म्हटले, तरी तो पहिला बुडबुडा समजावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ घालावे.