तारीख तिची, तिथी आमची

ज्याचा वाढदिवस असतो, त्याला आपल्या जन्माचा दिवस मुळीच आठवत नाही. त्या दिवशी पाऊस होता की उघडीप, दवाखान्यात रात्रभर कोण बसून होतं, पहिलं रडू ऐकून देवापुढे साखर कोणी ठेवली, हे सगळं ठाऊक असतं ते आईवडिलांना, आजीला, एखाद्या आत्याला. बाळाला ते पुढे सांगावं लागतं, दरवर्षी सांगावं लागतं, आणि ऐकून ऐकून ते त्याचं होतं. म्हणून माझं असं म्हणणं आहे की वाढदिवस हा आधी त्या दिवशी हजर असलेल्यांचा असतो. मुलं परगावी, परदेशी गेली की आपण मात्र उलटं धरून चालतो. ज्याचा वाढदिवस तोच घरात नाही, मग करायचं काय आणि कोणासाठी, असं म्हणून तो दिवस एका फोनवर भागवतो.

आमच्या सांगलीत अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मुलगी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, मुलगा बंगळुरात, आणि तीन खोल्यांच्या घरात दोघंच. या घरांत एक वाक्य फार ऐकू येतं: ‘मुलं आली की करू.’ ते आधी वाढदिवसाला लागू होतं. मग हापूसच्या पेटीला, पुरणपोळीला, कपाटातल्या चांगल्या ताटवाट्यांना, पन्हाळ्याला जाऊन येण्याला. दोघांसाठी कुठे एवढा घाट घालायचा? असं करत करत वर्षातले पंधरा दिवस सणाचे होतात आणि उरलेले साडेअकरा महिने नुसती वाट पाहण्याचे. मला हे पटत नाही, आणि ते का पटत नाही हे सांगण्यासाठीच हा लेख.

आपल्याकडे वाढदिवस साजरा करण्याची रीत केकबरोबर आली, असं अनेकांना वाटतं. पण धर्मग्रंथांत वर्धापनाचा विधी आहे. जन्मतिथीला मार्कंडेय आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम या सात चिरंजीवांचं स्मरण करायचं आणि तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायचं. घरोघरी टिकलं ते मात्र औक्षण. पाट, भोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, कुंकू, अक्षता, आणि मग काहीतरी गोड. या सगळ्यात एक अट आहे. औक्षण स्वतःचं स्वतःला करता येत नाही. समोर कोणीतरी ताम्हण घेऊन उभं राहावं लागतं. नवे कपडे आपले आपण घेता येतात, गोडधोड आपलं आपण करून खाता येतं. औक्षणाला मात्र दुसरा माणूस लागतोच.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांना आपली खरी जन्मतारीख माहीत नसते. शाळेच्या दाखल्यावर एक जून, कारण जूनमध्ये शाळा उघडायची आणि गुरुजी वय बसेल अशी तारीख घालून मोकळे व्हायचे. आमच्या आया सन सांगत नसत, प्रसंग सांगत. माझी आई म्हणायची, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू पंधरवड्याची होतीस, तुला दुपट्यात गुंडाळून मी अंगणात पळाले.’ कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा, त्यावरून मी माझा जन्म काढला. आईला तारीख सांगता येत नव्हती, पण दुपट्याचा रंग सांगता येत होता. वाढदिवसाची खरी नोंद कोणाजवळ असते, हे मला तिथेच कळलं.

दूर राहणाऱ्या मुलांचा वाढदिवस घड्याळानं गुंतागुंतीचा करून ठेवला आहे. अमेरिकेत आमच्या मुलीच्या गावी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे वेळ असते, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेतेरा. आपल्याकडे मध्यरात्री तिची तारीख लागते तेव्हा तिथे आदल्या दिवसाची सकाळ असते. आपल्याकडे ती तारीख संपून दुसऱ्या दिवशीची दुपार होते, तेव्हा कुठे तिथे मावळते. दोन्ही घरं धरली तर तो वाढदिवस साडेछत्तीस तासांचा होतो. आणि ती जन्मली पहाटे. म्हणजे जन्माची नेमकी घटका तिथल्या घड्याळात आदल्या दिवशीच येऊन जाते! बाराच्या ठोक्याला फोन लागला नाही म्हणून हळहळणाऱ्या आईबापांना मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं. एका ठोक्याला धरून बसण्यात अर्थ नाही, दिवस चांगला ऐसपैस आहे.

आम्हाला यातून वाट दाखवली ती भिंतीवरच्या कॅलेंडरनं. १९७३ साली निघालेलं कालनिर्णय घरोघरी लागलं ते तारीख आणि तिथी एकाच चौकटीत दाखवतं म्हणून. आमची मुलगी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जन्मली आणि त्या दिवशी नागपंचमी होती. चांद्र वर्ष तीनशे चौपन्न दिवसांचं, म्हणजे सौर वर्षाहून अकराएक दिवसांनी लहान. म्हणून तिथी दरवर्षी मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी घेते. नागपंचमी २०२२ साली २ ऑगस्टला होती. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि ती २१ ऑगस्टला गेली. मग २०२४ साली ९ ऑगस्ट, आणि २०२५ साली २९ जुलै. दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळजवळ एका जागी येतात, कारण एकोणीस सौर वर्षांत जवळपास दोनशे पस्तीस चांद्रमास बसतात. मुलीच्या एकोणिसाव्या वर्षी त्या तशा आल्या होत्या, आणि तेच तिचं वसतिगृहातलं पहिलं वर्ष होतं.

तेव्हापासून आमच्या घरात वाटणी झाली. तारखेचा वाढदिवस तिचा. त्या दिवशी ती तिच्या मित्रमैत्रिणींत असते, आम्ही फोन करतो, पैसे पाठवतो, तिचं ऐकतो. तिथीचा वाढदिवस आमचा. तो सांगलीतल्या घरात होतो, कारण तो सांगलीतच घडला होता.

नागपंचमी हा तर माहेरवाशिणींचा सण. मेंदी, झोके, फेर. सासुरवाशीण लेक हमखास घरी यायची तो दिवस. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही, तळणही नाही. म्हणून पुरणाचे दिंड करायचे: कणकेच्या पारीवर पुरण ठेवून चौकोनी घडी घालायची, वाफवायचे, वर साजूक तूप. लहानपणी मुलीला याचा राग यायचा, आपल्या वाढदिवसाला सुरी चालत नाही म्हणून केक नाही. आता ती तिकडून विचारते, ‘आई, दिंड केलेस ना?’ केले नसते तर तिला काय वाटलं असतं, याचा विचार आपण फारसा करत नाही. ‘तू नाहीस म्हणून काही केलं नाही’ हे आपण प्रेमानं बोलतो, पण लेकराच्या मनावर त्याचं ओझं होतं. आपण निघून आलो आणि ते घर बंद पडलं, असं कुठल्या मुलाला ऐकावंसं वाटेल? त्याला ऐकायचं असतं की घर चालू आहे. कोण जेवायला आलं होतं, पुरण सैल झालं का, बाबांनी किती दिंड खाल्ले.

फोनच्या पडद्यासमोर ताम्हण ओवाळणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात माया आहे. आपण खूप पुढे आलो आहोत. एके काळी शुभेच्छांच्या तारांना क्रमांक असत. पोस्टात नुसता आकडा सांगायचा, तिकडे ठरलेलं वाक्य पोहोचायचं. ती तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. आता तर चेहराही दिसतो. तरीही निरांजनाची ऊब काचेपलीकडे जात नाही, अक्षता डोक्यावर पडत नाहीत. म्हणून मी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. फोन बोलण्यासाठी. औक्षण समोरच्या माणसाचं.

समोर माणूस कोण, हा प्रश्न मग येतोच. सांगली हे दुसऱ्यांच्या मुलांनी भरलेलं गाव आहे. वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजांत शिकायला आलेली मुलंमुली विश्रामबागेत खोल्या घेऊन राहतात. लातूर-नांदेडकडे त्यांच्या आया आमच्यासारख्याच फोनकडे बघत बसलेल्या असतात. आमच्या वरच्या मजल्यावर अशा दोघी आहेत. नागपंचमीला त्या खाली जेवायला येतात, पाटावर बसतात आणि मी त्यांना ओवाळते. आणि तिकडे, मुलीच्या तारखेच्या वाढदिवसाला, तिच्या मैत्रिणीची भारतातून आलेली आई तिला ओवाळते. त्या बाईंना मी कधी भेटलेले नाही. दूर गेलेल्या लेकरांचं असंच व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं: ज्या गावात जे लेकरू आहे, त्याला त्या गावातल्या आईनं ओवाळावं.

एक गोष्ट मात्र नुसत्या आनंदाच्या भरात सोडून देता येत नाही. मुलं दूर गेलेल्या घरात काही वर्षांनी एकच माणूस उरतं, आणि ते बहुधा बाई असते. वडील गेल्यावर माझी आई ताम्हण तयार करून द्यायची आणि स्वतः मागे सरायची, नातीच्या वाढदिवसालासुद्धा. तिला कोणी ओवाळत नसे, ती कोणाला ओवाळत नसे. जन्माची सगळी आठवण जिच्याजवळ, तिलाच पाटाजवळ जागा नव्हती. आमच्यापासून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला: पती गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं आमच्या गावात होणार नाही. राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर होतो, पण तो अमलात यायला असे घरगुती प्रसंगच लागतात. एकट्या राहिलेल्या आईचं औक्षण शेजारणीनं करावं आणि त्या आईनं शेजारणीच्या नातवाचं करावं. ज्येष्ठ नागरिक संघांत महिन्यातले सगळे वाढदिवस एका सभेत साजरे होतात, तिथे हे सहज सुरू करता येईल. काही ठिकाणी झालंही असेल, झालं नसेल तिथे हा लेख वाचणाऱ्यांनी करावं.

मोठ्या समारंभांविषयी मला फार सांगायचं नाही. साठी, पंचाहत्तरी यांना मुलं रजा काढून येतात, हॉल घेतात, फोटो निघतात, छान होतं. पण एकसष्टाव्या वर्षापासून चौऱ्याहत्तराव्यापर्यंतचे वाढदिवस कोणाचे? त्यानंतर येतं सहस्रचंद्रदर्शन. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस, म्हणजे हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं आणि दहाएक महिने लागतात. आपल्या परंपरेनं दीर्घायुष्याचा मोठा सोहळा ठरवताना मोजल्या त्या साध्या, घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या पौर्णिमा. त्यातल्या कोजागरीला दूध आटतं, बाकीच्या अशाच जातात. आम्ही दोघं आता दर पौर्णिमेला गच्चीवर जेवतो. कधी पिठलं-भाकरी, कधी नुसता दहीभात. हापूस पहिल्या उतरत्या भावात आणतो, मुलांची वाट बघत नाही. पुरण पावशेर डाळीचं घालते, आणि पुरणयंत्राला पावशेरही चालतं.

२०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे नागपंचमी लांबून १७ ऑगस्टला येते. सोमवार आहे. वरच्या मुलींचं कॉलेज असणार, म्हणून दिंड दुपारी न करता रात्रीच्या जेवणाला करायचे आणि समोरच्या घरातल्या काकूंनाही पाटावर बसवायचं, असं आम्ही आताच ठरवून टाकलं आहे. या खेपेला डाळ अर्धा किलो लागेल.