चोपदाराचा चोप

लोकसंग्रह हा शब्द आपल्याकडे फार सैल झाला आहे. माणसे जमवली, सभा भरवली, की झाला लोकसंग्रह! गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांना तसे अभिप्रेत नाही. आचार्यांनी त्याचा अर्थ लोकांना आडमार्गाला जाऊ न देणे असा केला, आणि माउलींनी तर तेथे दृष्टान्तच घातला, की वाटेने आंधळ्याला घेऊन निघालेला डोळस पुढे चालतो खरा, पण आंधळ्याच्याच पावलाने. डोळे आहेत म्हणून पळत सुटत नाही. सज्जनहो, ज्याच्या हाताखाली चार माणसे राबतात, मग तो मुकादम असो, मुख्याध्यापक असो की कारखान्याचा साहेब, त्याने हा दृष्टान्त स्वतःला लावून पाहावा. ‘चला पुढे’ म्हणायला सोपे आहे. मागचा किती मागे राहिला, हे मान वळवून पाहतो कोण?

परवा एका सप्ताहात काल्याच्या दिवशी एक सद्गृहस्थ भेटीस आले. कारखान्यात दोनशे माणसांवर त्यांची देखरेख. म्हणाले, “महाराज, आमच्या खात्यात कोणाची एक तक्रार नाही. दाराशी तक्रारपेटी ठेवली आहे, वर्षभरात एक चिठ्ठी पडली नाही.” आम्ही विचारले, “कोणाच्या दाराशी?” “माझ्याच की!” आता बघा, ज्याच्याविषयी सांगायचे त्याच्याच डोळ्यांदेखत चिठ्ठी टाकायची! बोलता बोलता पुढे कळले, की त्याच खात्यात एका पोराची दोन बोटे यंत्रात गेली. पट्ट्यावरचे झाकण सैल झाले आहे हे तिघांना आठवडाभर आधी ठाऊक होते. सांगितले का नाही? तर पूर्वी एकाने असेच काही सांगितले, तेव्हा त्याला ‘तू तुझं काम बघ, शहाणपण शिकवू नकोस’ असे उत्तर मिळाले होते. तेव्हापासून खाते शांत. गृहस्थ वाईट नव्हते हो. दवाखान्याचा खर्च त्यांनीच खटपट करून मंजूर करून घेतला. पण बोटे गेली ती गेली.

आम्ही म्हटले, शिस्त पाहायची तर आषाढीच्या वाटेवर एक संध्याकाळ काढा. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले ते हैबतरावबाबा आरफळकरांनी, १८३२ च्या सुमारास. ते शिंद्यांच्या पदरचे, लष्कराची चाल जाणणारे. रथापुढे कोणती दिंडी, रथामागे कोणती, मुक्काम कुठे, निघायचे केव्हा, सारे ठरलेले. लष्करातले सगळे आणले, चाबूक तेवढा मागे ठेवला! लाखांनी माणसे चालतात. कोणी कोणाचा चाकर नाही, तरी ओळ मोडत नाही.

मुक्कामाच्या तळावर पालखी आली की समाजआरती. पालखीभोवती दिंड्या उभ्या, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला. चोपदार चोप उंच करतात, ‘होऽऽ’ असा पुकारा होतो, आणि क्षणात सारे स्तब्ध. नवख्याला वाटते, केवढा हा काठीचा दरारा! खरी गोष्ट तर पुढेच आहे. एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. अवघा तळ गप्प आणि एका कोपऱ्यात टाळ खणखणत आहेत! कोणी त्यांना दटावत नाही. चोपदार स्वतः तिकडे चालत जातात आणि म्हणणे ऐकून घेतात. कोणाचा क्रम चुकलेला असतो, कोणाची आणखी काही गैरसोय झालेली असते. त्याचा निवाडा झाला की टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा, उद्या निघण्याची वेळ, आणि मग आरती. प्रत्यक्ष माउलींची आरती त्या एका दिंडीसाठी खोळंबते! बोलणाराही तेथे एकटा पडत नाही, सारी दिंडी टाळ वाजवीत त्याच्या पाठीशी असते. म्हणून भय नाही. आणि निवाडा त्याच संध्याकाळी. वर्षअखेरीस नव्हे. मागेल ते मिळतेच असेही नाही, पण ऐकल्यावाचून आरती होत नाही.

गृहस्थांना एवढेच सांगितले, की पेटी राहू द्या तिथे, ज्याला तुम्ही गप्प केलेत त्याच्या यंत्रापाशी उद्या आपल्या पायांनी जा.

कोणी म्हणेल, महाराज, वारकरी स्वखुशीने येतो, कामगार पगारासाठी येतो. वारीचे नियम कारखान्याला कसे लागावेत? आक्षेप रास्त आहे. मग पगाराचेच शास्त्र पाहू. वाल्मीकींच्या रामायणात भरत चित्रकूटावर भेटतो, तेव्हा वल्कले नेसलेला राम त्याला काय विचारतो? सैनिकांचे अन्न आणि वेतन ठरल्या वेळी देतोस ना, लांबवीत नाहीस ना? उशीर झाला तर चाकर धन्यावर रुष्ट होतात आणि त्यातून अनर्थ ओढवतो, हे कारणही तेथेच दिले आहे. सभापर्वात नारद युधिष्ठिराला जवळजवळ हेच विचारतात. कोठे देवर्षी नारद, आणि चौकशी कसली, तर पगाराच्या तारखेची!

पण पगार वेळेवर दिला म्हणजे ऐकून घेण्यातून सुटका झाली, असे कोणी समजू नये. उलट पगारासाठी येणाऱ्याचेच अधिक कान देऊन ऐकले पाहिजे. वारकऱ्याला नाही पटले, तर तो पडशी उचलून दुसऱ्या दिंडीत जाऊन उभा राहील. त्या यंत्रावरच्या दोन लेकरांच्या बापाने कुठे जावे?