अनुग्रह, अभ्यास आणि उत्तरदायित्व : लेखनशिक्षणामागील तात्त्विक प्रश्न

शाळा-महाविद्यालयांत लेखन कसे शिकवावे, हा प्रश्न सहसा अध्यापनपद्धतीचा प्रश्न म्हणून हाताळला जातो. परंतु त्याच्या मुळाशी दोन जुने तात्त्विक प्रश्न आहेत. लिहिण्याची शक्ती माणसाला जन्मतः किंवा कृपेने लाभते की ती अभ्यासाने मिळवता येते, हा पहिला प्रश्न. आणि कागदावर उतरलेल्या विधानाला लिहिणारा कितपत बांधलेला असतो, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून शिक्षक कोणाला शिकवण्याजोगे मानतो हे ठरते, दुसऱ्याच्या उत्तरावरून तो नेमके काय शिकवतो हे ठरते. लेखनशिक्षणाच्या चर्चेत पहिल्या प्रश्नाला थोडीफार जागा मिळते, दुसऱ्याला जवळजवळ मिळत नाही, आणि वर्गातले लेखन निर्जीव होण्याचे मुख्य कारण या दुर्लक्षातच आहे.

पहिल्या प्रश्नाचा सूक्ष्म विचार संस्कृत साहित्यशास्त्राने ‘काव्यहेतू’ या प्रकरणात, म्हणजे काव्य कशामुळे निर्माण होते या विवेचनात, केला. प्रतिभा म्हणजे उपजत निर्मितीशक्ती, व्युत्पत्ती म्हणजे शास्त्रे, लोकव्यवहार आणि पूर्वसूरींचे ग्रंथ यांच्या परिशीलनाने येणारी निपुणता, आणि अभ्यास म्हणजे जाणकारांच्या मार्गदर्शनाखाली पुनःपुन्हा केलेली रचना, अशी तीन अंगे या परंपरेने मानली. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ही तीन स्वतंत्र कारणे नसून तिघांचे मिळून एकच कारण होते, असे आग्रहाने मांडले. त्याच्या कितीतरी आधी दंडीने ‘काव्यादर्शा’त याहून उदार भूमिका घेतली होती : उपजत प्रतिभा नसली तरी श्रवणाने आणि प्रयत्नाने वाणीची उपासना करणाऱ्यावर ती काही ना काही अनुग्रह करतेच, असे त्याचे म्हणणे. या भूमिकेत अनुग्रह आणि अभ्यास हे परस्परविरोधी पर्याय राहत नाहीत; अभ्यास हीच अनुग्रहाकडे नेणारी वाट ठरते, आणि शिक्षकाच्या कामाला अर्थ येतो.

हीच परंपरा शिष्यांची प्रतवारीही करते. राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या ‘काव्यमीमांसे’त स्वभावतः बुद्धिमान, शास्त्राभ्यासाने बुद्धी घडवता येणारा आणि दुर्बुद्धी असे शिष्यभेद सांगितले आहेत, तर काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘कविकंठाभरणा’त अल्पप्रयत्नसाध्य, कष्टसाध्य आणि असाध्य असे भेद केले आहेत. महाकवी घडवू पाहणाऱ्या गुरूला ‘असाध्य’ हा वर्ग कदाचित उपयोगी पडला असेल. पण सर्वांना शिकवण्याचे व्रत घेतलेल्या शाळेला तो स्वीकारता येत नाही, कारण प्रतिभा आधी दिसत नाही, ती अभ्यासातून प्रकट होते, आणि ज्याला अभ्यासाची संधीच दिली नाही त्याच्यात ती नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

राजशेखराच्याच ग्रंथातील कवीची दिनचर्या मात्र आजच्या शिक्षकाने मनापासून वाचावी अशी आहे. पहिल्या प्रहरी विद्यांचे परिशीलन, दुसऱ्या प्रहरी रचना, भोजनानंतर जाणकारांशी काव्यगोष्ठी आणि चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेची एकट्याने किंवा मोजक्या लोकांसह परीक्षा, असा क्रम तो सांगतो. आणि या परीक्षेचे कारण असे देतो की रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याची दृष्टी विवेक करणारी नसते. लिहिणारा आणि पारखणारा एकाच माणसात असले तरी त्यांच्या वेळा वेगळ्या असाव्या लागतात, हे तत्त्व येथे स्पष्टपणे सांगितले गेले आहे.

विसाव्या शतकात अमेरिकेतील लेखनशिक्षण वेगळ्या मार्गाने याच तत्त्वाशी येऊन पोहोचले. तोवर तेथे निष्पत्तिप्रधान पद्धतीचे वर्चस्व होते, म्हणजे आदर्श नमुना दाखवायचा, त्याबरहुकूम निबंध लिहून घ्यायचा आणि तयार निबंधातील चुका खुणावायच्या. जॅनेट एमिग यांनी 1971 मध्ये बारावीचे विद्यार्थी प्रत्यक्षात कसे लिहितात याचा अभ्यास प्रसिद्ध केला, 1972 मध्ये डोनाल्ड मरे यांनी लेखन ही तयार वस्तू नसून घडण्याची क्रिया आहे असे समजून ते शिकवावे असा आग्रह धरला, आणि 1981 मध्ये लिंडा फ्लॉवर व जॉन हेज यांनी दाखवून दिले की योजना, लेखन आणि पुनर्विचार हे एकामागून एक येणारे टप्पे नसून लिहिताना सतत एकमेकांत मिसळणारे व्यापार आहेत. या प्रक्रियाप्रधान दृष्टीचा तात्त्विक गाभा असा की विचार आधी पूर्ण होतो आणि मग शब्दांत उतरतो असे नाही. पुष्कळदा तो लिहितानाच घडतो. तिच्यावर ऑस्ट्रेलियातील जे. आर. मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात महत्त्वाचा आक्षेप घेतला : अहवाल, युक्तिवाद, स्पष्टीकरण अशा लेखनप्रकारांची घडण उघडपणे शिकवली नाही, तर ज्यांच्या घरात ती भाषा आधीपासून आहे तीच मुले पुढे जातात. हा आक्षेप न्यायाचा आहे, आणि कोणत्याही विषम समाजातील शाळेने तो ऐकलाच पाहिजे.

पद्धतींच्या या वादातही दुसरा प्रश्न, म्हणजे विधानाच्या उत्तरदायित्वाचा, शिल्लक राहतो. महाराष्ट्रातील परीक्षार्थी मार्गदर्शकातील निबंध पाठ करून जेव्हा उत्तरपत्रिकेत उतरवतो, तेव्हा त्याला केवळ आळशी म्हणणे अन्यायाचे आहे, कारण तसे करण्यास त्याला व्यवस्थेनेच शिकवलेले असते. पाठांतर स्वतः दोषार्ह नाही. वारकरी परंपरेत शेकडो अभंग मुखोद्गत करणे ही साधना आहे. परंतु अभंग म्हणणारा शेवटी नाममुद्रा, म्हणजे रचनाकाराचे नाव, उच्चारतो आणि वाणी कोणाची हे जाहीर करतो. पाठ केलेल्या निबंधात दुसऱ्याचेच मत ‘मला वाटते’ या शब्दांनी मांडले जाते आणि त्याला गुण मिळतात. फाटक्या पुस्तकाचे मनोगत लिहिणारे मूल खोटे बोलत नसते, कारण ती कल्पना आहे हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. जे आपल्याला वाटलेलेच नाही ते वाटल्याचे प्रामाणिक सुरात सांगण्याची सवय ही मात्र सत्याशी असलेल्या नात्याची हानी आहे. यंत्राकडून क्षणात मजकूर मिळू लागल्यापासून ही हानी अधिक सोपी झाली आहे, नवी नाही.

प्लेटोने ‘फिड्रस’ या संवादात लेखनावर आक्षेप घेतला तो याच अंगाने : लिखित शब्दाला प्रश्न विचारला तर तो तेच ते सांगत राहतो, स्वतःचा बचाव करू शकत नाही. वर्गातील लेखनाला या आक्षेपाचे उत्तर देता येते, कारण तेथे लिहिणारा समोर असतो. ‘हे तू कशावरून म्हणतोस’ असे शिक्षकाने विचारावे आणि विद्यार्थ्याने आपले वाक्य सिद्ध करावे, बदलावे किंवा मागे घ्यावे, यातच पुनर्लेखनाचा खरा हेतू आहे. पुनर्लेखन म्हणजे शुद्धलेखनाची डागडुजी नव्हे. ते विधानाची जबाबदारी घेण्याचे शिक्षण आहे.

मराठीत लेखनशिस्तीचा आदर्श समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात घालून दिला. सुबक व सुटे अक्षर, सरळ ओळी, आरंभापासून शेवटपर्यंत सारखी धाटणी या त्यांच्या अपेक्षांमागे वाचणाऱ्याविषयीचे कर्तव्य आहे. परंतु हा उपदेश ब्राह्मणाला उद्देशून आहे, आणि लेखनाचा अधिकार कोणाचा या प्रश्नाची इतिहासातील मर्यादा त्यातच दिसते. ही मर्यादा ओलांडली गेल्याचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध, जो 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे चौदा वर्षांच्या या मांग मुलीने विचारलेला प्रश्न धर्मचिंतनाचा आहे : वेद केवळ ब्राह्मणांचे असतील तर त्यांचा अधिकार नसलेल्यांचा धर्मग्रंथ कोणता, आणि ग्रंथच नाकारलेल्यांचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावे. प्रतिपक्षाचे म्हणणे घेऊन त्याचा निष्कर्ष शेवटपर्यंत नेणारी युक्तिवादाची शिस्त त्यात आहे, आणि बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्पर नसलेल्या स्त्रियांच्या दुःखाची जाणही आहे. रूप शाळेने दिले, प्रश्न मुलीचा स्वतःचा राहिला. लेखनशिक्षणाने याहून अधिक काही साधायचे नसते.

यावरून व्यवहारात उतरवण्याजोगे निष्कर्ष निघतात. विषय असा द्यावा की ज्याविषयी विद्यार्थ्याला स्वतः काही पाहता, विचारता किंवा तपासता येईल. लेखनप्रकाराची घडण लपवून न ठेवता उघडपणे शिकवावी. एका निबंधाचे दोन-तीन खर्डे व्हावेत, त्यांत वेळेचे अंतर असावे आणि पहिल्या खर्ड्यापासून शेवटच्यापर्यंत विचार किती पुढे गेला यालाही गुण असावेत. दुसऱ्याचे मत घेतल्यास त्याचे नाव घेणे हा महाविद्यालयातील तांत्रिक नियम म्हणून न सांगता प्रामाणिकपणाचा संस्कार म्हणून प्राथमिक शाळेपासून रुजवावा. मोठे वर्ग, अभ्यासक्रमाचा भार आणि परीक्षेची घाई यांमुळे हे कठीण आहे; तरीही वर्षाकाठी वीस निबंध वरवर तपासण्यापेक्षा चारच निबंधांवर असा संवाद होणे अधिक मोलाचे आहे. लिहिण्याची शक्ती कोठून येते याविषयी मतभेद राहतील, आणि प्रतिभा देणे कोणत्याही शिक्षकाच्या हाती नाही. आपण लिहिलेल्या वाक्याला आपण उत्तरदायी आहोत ही जाणीव मात्र प्रत्येक मुलाला देता येते, आणि ती देणे हे शाळेचे कर्तव्य आहे.